कुणी जपून ठेवली नाही अशी बोट

दुसऱ्या महायुद्धात एकाच नमुन्याच्या २०,००० हून अधिक लाकडी बोटी बांधल्या गेल्या. सिसिलीत, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवर सैनिक याच बोटींतून वाळूवर उतरले. युद्ध संपून पन्नास वर्षं उलटली आणि ज्या शहरात या बोटींचा जन्म झाला त्या न्यू ऑर्लिन्समध्येच युद्धाचं संग्रहालय उभारायचं ठरलं, तेव्हा तिथे ठेवण्याजोगी एक बोट मिळणंही कठीण झालं होतं. शेवटी ती नव्याने बांधावी लागली. जुन्या नकाशांवरून. आणि बांधणाऱ्यांत अशी माणसं होती ज्यांनी तरुणपणी पगारावर हीच बोट बांधली होती, आणि म्हातारपणी ती पुन्हा, फुकट बांधून दिली.

ही गोष्ट मला कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

बोटीचं सरकारी नाव एल.सी.व्ही.पी. वाहनं आणि माणसं किनाऱ्यावर उतरवणारी बोट, एवढाच त्याचा अर्थ. पण तिला त्या नावाने कुणी फारसं ओळखत नाही. अँड्र्यू हिगिन्स या माणसाने ती घडवली, म्हणून ती हिगिन्स बोट. लांबी सुमारे ११ मीटर, रुंदी ३.३ मीटर. आत ३६ सैनिक उभे राहत, किंवा एक जीप आणि १२ माणसं. चालवायला चौघं. बाजू प्लायवुडच्या, सांगाडा ओक, पाइन आणि महोगनीचा. पुढचा दरवाजा तेवढा पोलादी. तो खाली पडला की त्याचाच उतार व्हायचा आणि सैनिक धावत बाहेर पडायचे.

माझं उभं आयुष्य एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलं. आधी टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगची पेनं, नंतर ऑटोकॅड. त्यामुळे एखादी वस्तू पाहिली की ती आधी मला तिच्या तीन बाजूंच्या रेषांत दिसते. मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही मोटारीने न्यू ऑर्लिन्सला गेलो. तिला तिथलं संगीत ऐकायचं होतं, मला ही बोट पाहायची होती. संग्रहालयाच्या पहिल्याच मोठ्या दालनात, वर टांगलेल्या विमानांच्या खाली, ती करड्या रंगाची बोट ठेवली आहे. मी तिच्याभोवती इतका वेळ फिरत राहिले की मुलगी म्हणाली, "आई, तू हिचं माप घेतेयस का?" घेतच होते, डोळ्यांनी.

पहिल्यांदा नजरेत भरतं ते तिचं साधेपण. युद्धनौकेचा डौल तिच्यात कुठेही नाही. बाजू सरळ उभ्या, पुढचं तोंड चौकोनी कापलेलं. आत बसायला फळकुटसुद्धा नाही, कारण आत कुणी बसणं अपेक्षितच नव्हतं. काठ माणसाच्या खांद्याच्या आसपास येतो. त्याच्या आड उभं राहिल्यावर सुरक्षित वाटतं खरं, पण तो काठ प्लायवुडचा आहे आणि मशिनगनची गोळी प्लायवुडपाशी थांबत नाही. सुकाणू धरणारा तर मागच्या बाजूला, सगळ्यांपेक्षा उंच, उघड्यावर. पुष्कळदा तो विशीच्या आतबाहेरचा पोरगा असायचा. माणसं उतरवली की त्याचं काम अर्धंच झालेलं असे. बोट वाळूवरून मागे काढायची, जहाजापाशी न्यायची, दुसरी खेप भरायची आणि पुन्हा त्याच किनाऱ्याकडे तोंड करायचं.

खरी हुशारी दिसते ती वाकून खालून पाहिल्यावर. आणि ती समजायला हिगिन्सकडे जावं लागतं.

अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स १८८६ साली नेब्रास्कातल्या कोलंबस गावी जन्मला. समुद्रापासून इतकं लांब गाव अमेरिकेत शोधूनच काढावं लागेल. तरुणपणी तो दक्षिणेत आला आणि लाकडाच्या धंद्यात पडला. लुइझियानाच्या दलदलीत, जिथे पाणी गुडघ्याएवढं, तळाशी चिखल आणि वर पाणवेलींची जाळी, तिथून ओंडके काढायचे तर साधी बोट चालत नाही. पंखा वेलीत अडकतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बुडलेल्या ओंडक्यावर आपटते. म्हणून त्याने स्वतःच बोटी बांधायला घेतल्या. लाकडाचा धंदा पुढे बुडाला, बोटी राहिल्या. १९३० च्या दशकात त्याची 'युरेका' नावाची बोट फासे लावणाऱ्या शिकाऱ्यांना आणि तेल शोधणाऱ्या कंपन्यांना विकली जात होती.

युरेकाची नाळ चमच्यासारखी वर वळलेली होती. तिच्या टोकाशी पाइनचा एक भरीव ठोकळा बसवलेला असे. त्याला हेडलॉग म्हणत. बोटीचा सगळ्यात दणकट भाग तो. त्यामुळे ती पूर्ण वेगात तरंगत्या ओंडक्यावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर जाऊन आदळली तरी फुटत नसे, चढून जात असे. तळाला मागच्या बाजूने एक खोलगट बोगदा काढलेला होता आणि पंखा त्या बोगद्यात लपलेला. पंखा तळाच्या पातळीखाली डोकावत नाही म्हटल्यावर तो वाळूत रुतत नाही, वेलींत गुरफटत नाही. बोट किनाऱ्यावर चढवायची आणि इंजिन उलटं फिरवून स्वतःच्याच बळावर मागे घ्यायची, हे तिला सहज जमे. हिगिन्स गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी पाँटचारट्रेन तलावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बांधावर बोट भरधाव चढवून दाखवत असे.

सैन्याला नेमकं हेच हवं होतं. शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर धक्का नसतो, क्रेन नसते, भरतीची वाट पाहायला सवड नसते. नौदलाच्या तांत्रिक खात्याला मात्र स्वतःच्याच आराखड्यांवर विश्वास होता आणि दक्षिणेतल्या या तापट बोटवाल्याला त्यांनी बराच काळ ताटकळत ठेवलं. समुद्रातून किनाऱ्यावर हल्ला चढवणारे मरीन सैनिक त्याच्या बाजूने उभे राहिले, कारण पाण्यात उडी त्यांना मारावी लागणार होती.

सुरुवातीच्या बोटींना पुढचा दरवाजा नव्हता. सैनिकांनी पाठीवरचं ओझं घेऊन काठावरून उडी मारायची, दोन अडीच मीटर खाली, गोळीबारात. दरवाज्याची कल्पना आली जपान्यांकडून. १९३७ साली शांघायमध्ये व्हिक्टर क्रुलाक नावाच्या तरुण मरीन अधिकाऱ्याने जपानी फौजा उतरताना पाहिल्या. त्यांच्या बोटींचं तोंड पुढे पडत होतं आणि माणसं चालत बाहेर येत होती. त्याने फोटो काढले, अहवाल वॉशिंग्टनला पाठवला. नंतर त्याला तो अहवाल तिथल्या एका कपाटात सापडला. चीनमधल्या कुणा वेड्याचं काम, असा शेरा मारून ठेवून दिलेला. क्रुलाकने बोटीचं छोटं लाकडी मॉडेल करून वरिष्ठांना पटवत राहण्याचं सोडलं नाही. १९४१ मध्ये हिगिन्सला विचारणा झाली तेव्हा त्याने आपल्या तयार बोटीची नाळच कापून टाकली आणि तिथे दरवाजा बसवला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पाँटचारट्रेन तलावात तिची चाचणी झाली.

एक माणूस वर्षानुवर्षं ओंडके ओढता ओढता एक तळ घडवतो, दुसरा जगाच्या पलीकडच्या टोकाला एक दरवाजा पाहतो, आणि या दोन गोष्टी एका कारखान्यात एकत्र येतात. नकाशावर हे सगळं सरळ दिसतं. पण नाळ कापून दरवाजा लावणं म्हणजे बोटीचा सगळ्यात मजबूत भाग काढून टाकणं, हे ड्रॉइंग करणाऱ्याला लगेच कळेल. चमच्याच्या आकाराचा खालचा भाग आणि हेडलॉग तसाच ठेवून वरून दरवाजा कसा टेकवला आहे, हे पाहताना मी त्या अनोळखी आरेखकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

मग उत्पादन. १९३८ साली हिगिन्सकडे ७५ च्या आसपास माणसं होती. १९४३ मध्ये २०,००० च्या वर. जागा पुरेना तेव्हा कारखान्याशेजारचा रस्ता अडवून तिथे बोटी बांधल्या. युद्ध येणार आणि लाकूड मिळणार नाही हे ओळखून त्याने १९३९ सालीच फिलिपाइन्सची महोगनी भरमसाट खरेदी करून ठेवली होती. कामावर बायका होत्या, काळे होते, गोरे होते, म्हातारे आणि अपंगही होते, आणि एका कामाला सगळ्यांना एकच मजुरी. वर्णभेद कायद्याने चालणाऱ्या त्या वेळच्या लुइझियानात हे फार मोठं होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाकडे लहानमोठी १४,०७२ जहाजं-बोटी होत्या. त्यांपैकी १२,९६४ हिगिन्सच्या कंपनीच्या आराखड्यांवरून बांधलेल्या होत्या. नॉर्मंडीच्या स्वारीचे सरसेनापती आयझेनहॉवर पुढे म्हणाले की या माणसाने आपल्याला युद्ध जिंकून दिलं, या बोटी नसत्या तर उघड्या किनाऱ्यावर उतरताच आलं नसतं. हे ते बोलले स्टीफन अँब्रोज या न्यू ऑर्लिन्सच्या इतिहासकाराशी, १९६४ मध्ये. त्याच संभाषणातून अँब्रोजच्या डोक्यात संग्रहालयाचं बी पडलं.

६ जून १९४४ च्या सकाळचा एक फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. तटरक्षक दलाच्या रॉबर्ट सार्जंटने तो बोटीच्या आतून काढला. समोर पडलेला दरवाजा, त्यापुढे कमरेएवढ्या पाण्यात शिरणारे पाठमोरे सैनिक, लांबवर धुरात नॉर्मंडीचा 'ओमाहा' किनारा. आपण त्या पाठीच पाहत राहतो. फोटोची चौकट जिची आहे ती बोट कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंचे काठ दिसतात, त्यांवरचं पाणी दिसतं. मी तो फोटो लहानपणापासून पाहत आले होते आणि न्यू ऑर्लिन्सला जाईपर्यंत ते काठ लाकडाचे आहेत हे माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं.

युद्धानंतर बोटींचं काय झालं? मोडीत काढल्या, लिलावात विकल्या. कुणी त्यांतून मासे धरले, कुणी वाळू वाहिली. उरलेल्या किनाऱ्यांवर कुजल्या. त्या टिकाव्यात म्हणून बांधलेल्याच नव्हत्या. काही खेपा नीट झाल्या की त्यांचं आयुष्य सार्थकी लागलं, असा हिशेब होता. आणि ज्या वस्तूच्या हजारो प्रती असतात ती कधी संपेल असं कुणाला वाटत नाही. मोठ्या युद्धनौकांचं नशीब वेगळं असतं. नॉर्थ कॅरोलायना ही युद्धनौका तिथल्या शाळकरी मुलांनी नाणी गोळा करून मोडीतून वाचवली. (आपली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तिच्यासाठी लोक कोर्टात गेले, आणि तरी ती २०१४ मध्ये भंगारात निघाली. त्याचं वाईट अजून वाटतं.) पण माणसं वाहणाऱ्या बोटीसाठी नाणी कोण गोळा करणार? तिला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, नुसता क्रमांक. आज जगभरात मूळ हिगिन्स बोटी विसाच्या आसपास उरल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच मोडक्या.

म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी ती प्रतिकृती बांधली गेली. या बांधणीचा मी जितका विचार करते तितकी ती मला मोठी वाटते. प्रतिकृती म्हटलं की आपल्याला देखावा आठवतो. वरून रंग, आतून पोकळ. ही तशी नाही. मूळ नकाशांवरून, मूळ मापांत, मूळ जातीच्या लाकडात बांधलेली ती खरी बोट आहे. स्वयंसेवकांत युद्धावर गेलेले सैनिक होते आणि हिगिन्सच्या कारखान्यातले जुने कामगार होते.

नकाशा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला माझ्या कामाने शिकवलं. नकाशा सांगतो की इथे बरगडी, तिची जाडी एवढी, तिच्यापासून पुढच्या बरगडीचं अंतर एवढं. प्लायवुड कुठल्या टोकापासून लावायला घ्यायचं ते सांगत नाही. वळणावर ते ताणलं जातं तेव्हा किती ओलं असावं, स्क्रू किती आवळला की ते फुगायचं थांबतं आणि किती आवळला की तडकतं, ते सांगत नाही. दोन माणसांनी बोटीच्या कोणत्या बाजूंना उभं राहायचं हेही त्यात नसतं. हे सगळं ड्रॉइंगच्या बाहेर, वर्कशॉपमध्ये असतं. आमच्याकडचे मिस्त्री माझी ड्रॉइंग्ज घेऊन जायचे आणि कधी कधी परत येऊन शांतपणे म्हणायचे, "मॅडम, इथं पाना जात नाही." कागदावर ती जागा निर्दोष असायची.

मढला कोळीवाड्यात एकदा मच्छीमार बोटीची डागडुजी चालू होती. दोन फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकत होते. फट किती ठेवायची, असं मी विचारलं. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आकडा सांगितला नाही, अंगठ्याचं नख फटीत घालून दाखवलं. पुढे म्हणाले की हे सुक्या फळीचं, ओल्या फळीला एवढी नको. मी घरी येऊन वहीत मिलिमीटर लिहून ठेवले. पण सुकी आणि ओली यांच्यामधली कुठली फळी हाताला कशी लागते, ते लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

न्यू ऑर्लिन्समधल्या त्या कामगारांकडे नेमकं ते होतं. पन्नास वर्षं त्यांनी ती बोट बांधली नव्हती. कुणी घरं बांधत असेल, कुणी निवृत्त होऊन नातवंडं सांभाळत असेल. कारखान्यात त्यांनी बहुधा एकेकच काम केलेलं असणार, कारण उत्पादन साखळीचं होतं. एकाने फक्त बरगड्या जोडल्या, दुसरीने फक्त प्लायवुड बसवलं. अख्खी बोट पहिल्या फळीपासून रंगापर्यंत त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात प्रथम याच वेळी बांधली असेल. जे काम घाईत, भोंग्यावर, पाळीपाळीने केलं होतं, ते आता थांबून, बघून करता आलं. यात मला त्या माणसांचा मोठा सन्मान दिसतो, आणि तो कुठल्याही पदकापेक्षा खरा वाटतो.

हे सगळं जमलं कारण वेळ बरोबर होती. ती माणसं सत्तरीत होती. आणखी पंधरा वर्षांनी नकाशे तसेच राहिले असते, लाकूडही मिळालं असतं, आणि बोट बांधणाऱ्यांना नकाशाबाहेरचं सगळं अंदाजाने करावं लागलं असतं. संग्रहालय ६ जून २००० रोजी उघडलं. त्याच संग्रहालयाने पुढे हिगिन्सचीच पी.टी.-३०५ ही वेगवान लढाऊ बोट दुरुस्त केली. युद्धानंतर कुणीतरी ती मागून कापून आखूड केली होती आणि तिच्यातून कालवं काढत होते. तिच्यावर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून १,००,००० हून अधिक तास काम केलं आणि २०१७ मध्ये ती पाँटचारट्रेन तलावात माणसं घेऊन फिरू लागली. मला वाटतं, पहिल्या बोटीने त्या लोकांना हात दिले नसते तर दुसरीची हिंमत झाली नसती.

एका वेगळ्या हिगिन्स बोटीची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिने माझा विचार थोडा बदलला. कॅलिफोर्नियात शास्ता नावाचा धरणाचा मोठा तलाव आहे. दुष्काळात त्याचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा, २०२१ च्या शरदात, तळातून एक लाकडी बोट वर आली. दरवाज्यावर क्रमांक होता ३१-१७. त्यावरून ती मनरोव्हिया या सैनिकवाहू जहाजाची निघाली. सिसिलीच्या स्वारीत जनरल पॅटनचं मुख्यालय याच जहाजावर होतं. ही बोट पुढे पॅसिफिकमधल्या तरावा बेटावरच्या हल्ल्यात वापरली गेली, तिथे उथळ पाण्यात बुडाली आणि नंतर काढली, असं अमेरिकेच्या वनखात्याने सांगितलं. तरावाला नोव्हेंबर १९४३ मध्ये ओहोटीचा अंदाज चुकला होता. प्रवाळाच्या कड्यावर या बोटींना पुरेसं पाणीच मिळालं नाही, त्या तिथेच अडकल्या आणि मरीन सैनिकांना शेकडो मीटर पाण्यातून चालत जावं लागलं. तीन दिवसांत हजारावर अमेरिकन मेले. अशा ठिकाणाहून आलेली बोट कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या गोड्या पाण्यात कशी बुडाली, याचा उलगडा झालेला नाही.

ही बोट नेब्रास्कातल्या संग्रहालयात द्यायचं ठरलं, म्हणजे हिगिन्सच्या जन्मभूमीत. आणि तिला नवीकोरी करायची नाही, युद्धातून थकून आलेली दिसते तशीच राखायची, असं ठरलं. हे वाचून मी आधी नाराज झाले होते. बरगड्या उघड्या, प्लायवुडचे पापुद्रे सुटलेले, हे असंच ठेवायचं? मग लक्षात आलं की तिच्या फळ्या त्याच आहेत, युद्धातल्या माणसांचे हात लागलेल्या. १९४३ सालच्या त्या सकाळी उभ्या असलेल्यांनी धरलेला काठ हाच. त्यातली एक फळी बदलली तरी तेवढं कमी होणार. न्यू ऑर्लिन्सच्या बोटीकडे बांधणाऱ्यांचं ज्ञान आहे, ३१-१७ कडे तिच्यातून गेलेल्यांचा स्पर्श आहे. मला आता दोन्ही हव्याशा वाटतात आणि एकीच्या बदल्यात दुसरी चालणार नाही.

आपल्याकडे अलीकडे याहून अवघड काम झालं. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या एका जहाजाच्या चित्रावरून गोव्यात शिवणीचं जहाज बांधलं गेलं. नकाशा नाही, मूळ अवशेष नाहीत, केवळ एक चित्र. केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोऱ्यांनी फळ्या शिवल्या, आयआयटी मद्रासने मॉडेलवर चाचण्या केल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल होऊन 'कौंडिण्य' झालं. तिथेही निर्णायक ठरले ते हातच. शिवणकामाची परंपरा केरळच्या किनाऱ्यावर तग धरून होती म्हणून भिंतीवरचं चित्र पाण्यावर आलं.

मी मालाडची. मार्वेला जाताना आयएनएस हमला या नौदलाच्या तळाचं फाटक लागतं, ते लहानपणापासून पाहिलेलं. आत काय आहे, ते का आहे, हे कधी विचारलं नाही. न्यू ऑर्लिन्सहून परतल्यावर वाचलं तेव्हा कळलं की महायुद्धात इथे किनाऱ्यावर फौजा उतरवणाऱ्या बोटींचं शिक्षण दिलं जात होतं. रॉयल इंडियन नेव्हीचे खलाशी इथे बोटी वाळूवर चढवायला आणि मागे काढायला शिकले. कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं आरमारात पिढ्यानपिढ्या जात होती, तेव्हा त्यांच्यात मराठी बोलणारे असणारच. पुढे जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर अक्याब, म्येबॉन, रामरी, कांगाव इथे एकामागून एक फौजा उतरल्या, त्यांत आपल्या खलाशांनी चालवलेल्या बोटी होत्या. कांगावला तर खाड्याखाड्यांमधून, खारफुटीतून, चिखलात उतरावं लागलं. मार्वे-मनोरीच्या खाडीवर ज्याने सराव केला त्याला ते पाणी ओळखीचं वाटलं असेल.

नॉर्मंडीची एक एक फेरी अमेरिकन पोरांना शाळेत शिकवतात. आराकानच्या चिखलात बोट घालणाऱ्या तांडेलांबद्दल आमच्या मालाडमध्येही कुणाला ठाऊक नाही. मला याचा राग येतो, आणि तो राग कामी लावावा असं वाटतं. मार्वेच्या किनाऱ्यावर, लोकांना जाता येईल अशा जागी, अशी एक बोट बांधून ठेवायला हवी. पूर्ण मापाची, लाकडाची, आत उभं राहता येईल अशी. आपल्या खलाशांनी चालवलेल्या बोटी वेगवेगळ्या जातींच्या होत्या, तेव्हा नेमकी कुठली बांधायची ते नौदलाच्या इतिहासाच्या जाणकारांनी ठरवावं. मापं आणि नकाशे मिळण्यासारखे आहेत. प्लायवुड आणि साग मुंबईत मिळतो. मढ, भाटी, मनोरी इथे लाकडी बोटीवर आयुष्य घालवलेले मिस्त्री अजून आहेत. फायबरच्या बोटी आल्यापासून त्यांच्याकडे काम कमी झालं आहे आणि त्यांची मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या कामगारांचं जे वय होतं, त्याच वयाला आता ही माणसं आली आहेत.

मी सध्या हिगिन्स बोटीचे आडवे छेद काढायला घेतले आहेत, जुन्या सवयीने हाताने, ट्रेसिंग पेपरवर, एकास दहा मापात. बोगद्याचं वळण अजून मनासारखं उतरत नाही. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढतात आणि मिस्त्रींना बोलायला सवड असते. तेव्हा हे कागद मढला घेऊन जाणार आहे. ओकच्या जागी साग घेतला तर बरगड्या किती जाड ठेवाव्या लागतील आणि हेडलॉगसाठी एवढा भरीव ठोकळा आपल्याकडे कुठल्या झाडाचा मिळेल, हे दोन प्रश्न आधी विचारायचे आहेत.